मोहाची दारू आणि कोंवळें वय

नंदुरबार जिल्हा हें नांव १ जुलै १९९८ पासूनचें. त्यापूर्वीं हा मुलूख धुळें जिल्ह्यांत, आणि त्याच्याही आधीं पश्चिम खानदेशांत मोडत असे. सातपुड्याच्या पायथ्याशीं चैत्रांत पहांटे मोहाचीं फुलें गळतात. तीं वेंचावयास सबंध घर निघतें. त्यांत पोरेंही आलींच. सुकलेल्या फुलांत निम्म्याच्या आसपास साखर असते. तीं खातात, आणि त्यांची दारूही गाळतात. देवाला धार तिची, लग्नांत पेला तिचा. अशा घरांत बारा-चौदा वर्षांच्या मुलास पहिला घोट परका कोणी देत नाहीं. तो अंगणांतच मिळतो. मुलांच्या व्यसनाचा सगळा दोष मुलांच्या माथीं मारणें मला म्हणूनच पटत नाहीं.

सरकारनें १८७८ चा अबकारी कायदा केला, तो महसुलासाठीं. घरची भट्टी गेली आणि ठेकेदाराचें दुकान आलें. पेला राहिला तो राहिलाच, वर उधारी चढली.

१९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्याकडून सलाबाई देवीची लाट घाट चढून खानदेशांत व सुरतेकडे गेली. अंगांत आलेलीं माणसें सांगत, दारू-ताडी सोडा, नित्य स्नान करा, दारूच्या दुकानीं जाऊं नका. पुष्कळांनीं पुढें ती शपथ मोडली.

त्यानंतर तळोदें तालुक्यांतील मोरवडचे गुलाम महाराज पुढें आले. त्यांचा नेम साधा होता: सोमवारीं आरती, दारू वर्ज्य, आणि परस्परांस 'आप' म्हणून हांक. ज्यांना सावकार व शिपाई 'अरे-तुरे' करीत, त्यांनीं एकमेकांस 'आप' म्हणावें, ही गोष्ट मला दारूबंदीइतकीच मोठी वाटते. आपली किंमत कळलेल्या बापानें पेला खालीं ठेवला, कीं मुलाचा पहिला घोट आपोआपच टळतो. महाराज १९३८ सालीं वारले. त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं कार्य चालविलें.

पुढें १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. कायद्याच्या भयानें भट्ट्या लपल्या, आणि चोरट्या धंद्यांत एक नवें विष शिरलें. मोहाच्या दारूंतील मद्यार्क इथिल. कारखान्यांत वापरतात तो मिथिल. डोळ्यांना व जिभेला दोहोंतील भेद कळत नाहीं. मुंबईस मालवणींत जून २०१५ मध्यें असल्याच दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. मिथिलाचें शरीरांत फॉर्मिक आम्ल होतें, आणि तें डोळ्यांच्या मज्जातंतूंवर घाला घालतें. मोठ्या माणसाचीही दृष्टि दोन चमचे जाऊं शकते. मग लहान चणीच्या मुलाचें काय सांगावें! त्यांतून पहिले बारा ते चोवीस तास नुसती झिंग वाटते. घरचीं माणसें म्हणतात, निजूं द्या, उतरेल. "समोर धुकें दिसतें" असें मुलानें म्हटलें, तर मात्र त्यास निजूं न देतां तत्काळ रुग्णालयांत न्यावें, आणि काय प्यालें गेलें तें डॉक्टरांस न लपवितां सांगावें.