सायकलस्वारी, हौशी (रत्नागिरी जिल्हा)

उपजीविकेसाठी अथवा केवळ इष्ट स्थळी पोहोचण्यासाठी नव्हे, तर आनंद, प्रवास व शरीरस्वास्थ्य यांसाठी सडकेवरून केलेली सायकलस्वारी म्हणजे हौशी सायकलस्वारी होय. पारितोषिकासाठी होणाऱ्या शर्यतींहून ती भिन्न आहे. तथापि दीर्घ पल्ला, ठरावीक कालमर्यादा व पद्धतशीर सराव ही शर्यतीची अंगे तिच्यातही आढळतात. पुण्यासारख्या पठारावरील शहरांत सायकल प्रथम गरजेचे वाहन म्हणून रूढ झाली व पुढे हौसेचा विषय बनली. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र ती गरजेचे वाहन म्हणून त्या प्रमाणात रुजली नाही. ज्या चढउतारांनी व खाड्यांनी तेथे तिची वाट अडविली, त्यांच्याच ओढीने पुढे हौशी सायकलस्वार या भागाकडे वळले.

पूर्वपीठिका : जर्मनीतील कार्ल फोन द्राइस (१७८५–१८५१) याने १८१७ मध्ये पायांनी जमीन रेटीत चालवावयाची दुचाकी तयार केली. फ्रान्समध्ये १८६० नंतरच्या दशकात पुढच्या चाकाला पायटे बसविण्यात आले. दोन सारख्या चाकांची व मागील चाकाला साखळीने गती देणारी ‘रोव्हर’ ही सुरक्षित सायकल इंग्लंडमधील जॉन केंप स्टार्ली याने १८८५ मध्ये प्रचारात आणली, तर जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये हवा भरलेल्या धावेची भर घातली. या दोन सुधारणांमुळे सायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. सायकलने पर्यटन करणाऱ्यांची संघटना इंग्लंडमध्ये त्यापूर्वीच, १८७८ मध्ये, स्थापन झाली होती. फ्रान्समध्ये १८९१ साली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही सुमारे १,२०० किमी.ची शर्यत सुरू झाली. प्रारंभी ती व्यावसायिक स्पर्धकांची होती. कालांतराने ती हौशी सायकलस्वारांची कसोटी बनली. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिसमधील ऑडॅक्स क्लबाने १९२१ पासून स्वतःच्या गतीने, पण ठरावीक वेळेत पल्ला पूर्ण करावयाच्या फेऱ्या सुरू केल्या. या फेऱ्यांत क्रमांक दिले जात नाहीत. वेळेत परतलेला प्रत्येक जण यशस्वी समजला जातो.

महाराष्ट्रातील परंपरा : मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबाचे सहा पारशी तरुण १९२३ मध्ये सायकलवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किमी. प्रवास पूर्ण करून १९२८ मध्ये परतले. व्यायामशाळेत कमावलेले शरीर दीर्घ प्रवासाच्या कसोटीला लावण्याची ही कल्पना हौशी सायकलस्वारीच्या मुळाशी असलेलीच होय. पुण्यात विद्यार्थी, कारकून व कामगार यांचे सायकल हे दीर्घकाळ मुख्य वाहन होते व ‘सायकलींचे शहर’ अशी त्या शहराची ख्याती होती. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाच्या चढास विशेष महत्त्व असून तो प्रथम चढून जाणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणण्याचा प्रघात पडला. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्कूटर व मोटारसायकल सुलभ झाल्यावर नित्याच्या वापरातून सायकल मागे पडली. एकविसाव्या शतकात ती व्यायामाचे साधन म्हणून पुन्हा पुढे आली. नाशिक येथील हितेंद्र व महेंद्र महाजन या डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किमी.ची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने वयाच्या विसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, सुमारे २९,००० किमी.ची जगप्रदक्षिणा १५९ दिवसांत केली. यांपैकी महाजन बंधू व समर्थ हे वैद्यकीय व्यवसाय सांभाळून सराव करणारे असल्याने सामान्य हौशी सायकलस्वारास त्यांचे उदाहरण विशेष जवळचे वाटले.

रत्नागिरीची भूमी व सायकल : सह्याद्री व समुद्र यांमधील या अरुंद पट्टीत सपाट जमीन थोडी आहे. जांभ्या दगडाचे उंच सडे, त्यांच्या उतरणीवर वसलेल्या वाड्या व त्यांमधून समुद्राकडे जाणाऱ्या नद्यांच्या खाड्या अशी येथील रचना आहे. सावित्रीची बाणकोट, वाशिष्ठीची दाभोळ, शास्त्रीची जयगड, काजळीची भाट्ये व मुचकुंदीची पूर्णगड या खाड्यांनी किनाऱ्याचे तुकडे पाडले आहेत. पूल होण्यापूर्वी त्या तरीने ओलांडाव्या लागत. दूरच्या प्रवासासाठी मुंबईकडे जाणाऱ्या आगबोटी असत. गावातील वाटा बहुधा दगडी पायऱ्यांच्या पाखाड्या व व्हाळांवरील साकव यांवरून जात. अशा वाटेवर सायकल चालविण्यापेक्षा खांद्यावर घेण्याचाच प्रसंग अधिक येई. साहजिकच शाळेत जाणारी मुले व बाजारास निघालेली माणसे पायीच चालत आणि सायकलचा वापर मुख्यतः रत्नागिरी, चिपळूण यांसारखी शहरे व खाडीकाठची सखल गावे यांपुरता राहिला. त्या काळच्या माणसाचा दम व पायांतील बळ हे चालण्यातून आलेले होते. त्याला व्यायाम असे नाव नव्हते.

रस्ते डांबरी झाले, अनेक ओढ्यांवर व काही खाड्यांवर पूल बांधले गेले आणि अनेक दंतचक्रांच्या सायकली बाजारात आल्या, तेव्हा हे चित्र पालटले. चढ चढण्यास योग्य अशी हलकी गती निवडता येऊ लागल्याने सड्यावरील गाव सायकलच्या टप्प्यात आले. रत्नागिरी, चिपळूण, दापोली आदी ठिकाणी हौशी सायकलस्वारांचे गट निर्माण झाले. मुंबई, पुणे येथील सायकलस्वारही किनाऱ्याने गोव्याकडे जाताना हा जिल्हा ओलांडू लागले.

मार्ग : किनारी प्रवास करणारा सायकलस्वार बागमांडला–वेसवी फेरीबोटीने बाणकोट खाडी ओलांडून जिल्ह्यात प्रवेश करतो. केळशी, आंजर्ले, हर्णे, दापोली या मार्गाने तो दाभोळला येतो. तेथून फेरीबोटीने धोपावे, पुढे गुहागर व तवसाळ आणि पुन्हा फेरीबोटीने जयगड असा क्रम आहे. गणपतीपुळ्याहून आरे–वारेमार्गे रत्नागिरीस येणारा रस्ता समुद्राच्या अगदी कडेने जातो. रत्नागिरीच्या दक्षिणेस भाट्ये, पावस व पूर्णगडमार्गे जैतापूरकडे जाता येते. फेरीबोटीची वाट पाहावी लागत असल्याने या प्रवासास सक्तीची विश्रांतीही लाभते. अंतर्भागात कराडकडील कुंभार्ली व कोल्हापूरकडील आंबा हे घाट दीर्घ चढाच्या सरावास उपयुक्त आहेत.

तंदुरुस्तीचे तत्त्व : सपाट रस्त्यावर सायकलस्वारास मुख्यतः हवेच्या रोधाशी झगडावे लागते, चढावर मात्र स्वतःचे व सायकलचे वजन उचलावे लागते. दोहोंचे मिळून वजन ८० किग्रॅ. असल्यास, शंभर मीटरला सहा मीटर या चढावरून ताशी १० किमी. वेगाने जाण्यास केवळ वजन उचलण्यासाठीच सुमारे १३० वॉट शक्ती लागते. सपाट रस्त्यावर जवळपास तेवढ्याच शक्तीत ताशी २५ किमी. वेग गाठता येतो. खाडीपासून सड्यापर्यंतचा १०० मी. उंचीचा चढ दिवसात दहा वेळा आला, तर सायकलस्वार एकूण १,००० मी. चढतो. म्हणजेच एकही मोठा घाट न लागता घाटाएवढे श्रम घडतात. सह्याद्रीचा घाट एकदा चढला की संपतो. किनाऱ्यावर प्रत्येक उतार पुढच्या चढाची सूचना असतो.

नियमित सरावाने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढे ढकलले जाते व विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. स्नायूंतील केशवाहिन्या व ऊर्जा निर्माण करणाऱ्या कोशिकांगांचे प्रमाणही वाढते. हे बदल आठवड्यांच्या सरावाने घडतात, एखाद्या दिवसाच्या अतिश्रमाने नव्हे. म्हणून नवशिक्याने बहुतेक फेऱ्या बोलता येईल इतपत दम राखून कराव्यात, आठवड्यातून एकदोनदाच जोराचे चढ घ्यावेत व अंतर हळूहळू वाढवावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस (२०२०) आहे. सायकलच्या तीनचार फेऱ्यांत ती सहज पूर्ण होते. चाळिशीनंतर प्रथमच कठोर श्रम आरंभणाऱ्याने वैद्यकीय तपासणी करून घेणे हितावह असते.

कोकणातील दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीराचे तापमान लवकर वाढते. पहाटे निघणे, वारंवार पाणी व त्यासोबत मीठ घेणे आवश्यक ठरते. मीठ घातलेले कोकम सरबत येथे उपयोगी पडते. पावसाळ्यात शेवाळलेला रस्ता व उतारावर वाहून आलेली लाल माती यांमुळे चाक घसरण्याची भीती असते. उतारावर वळण येण्यापूर्वीच वेग कमी करणे हा येथील सायकलस्वारीचा पहिला धडा होय.

दीर्घ पल्ल्याच्या फेऱ्या : ऑडॅक्स पद्धतीच्या फेऱ्या २०१० नंतरच्या काळात महाराष्ट्रात लोकप्रिय झाल्या. त्यांत २००, ३००, ४०० व ६०० किमी. ही अंतरे अनुक्रमे १३½, २०, २७ व ४० तासांत पूर्ण करावी लागतात. २०० किमी.साठी विश्रांतीसह ताशी सरासरी सुमारे १५ किमी. वेग पुरतो, त्यामुळे गतीपेक्षा चिकाटी, आहाराचे नियोजन व सायकल दुरुस्त करण्याचे ज्ञान यांना महत्त्व येते. ही चारही अंतरे एका हंगामात पूर्ण करणारा ‘सुपर रँदोनर’ ठरतो. चार वर्षांनी होणाऱ्या व जास्तीत जास्त ९० तासांत पुऱ्या करावयाच्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस फेरीत सहभागासाठी त्याच वर्षी ही चार अंतरे पार करावी लागतात.

सद्यःस्थिती : राष्ट्रीय महामार्ग क्र. ६६ चे चौपदरीकरण दीर्घकाळ रेंगाळले. रुंद झालेल्या भागांत वाहनांचा वेग वाढला. त्यामुळे हौशी सायकलस्वार किनाऱ्याच्या व गावांच्या अरुंद रस्त्यांकडे अधिकच वळले. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाच्या योजनेत उरलेल्या खाड्यांवरही पूल बांधावयाचे आहेत. खाडीपलीकडील रुग्णालय, महाविद्यालय व बाजार जवळ आणणारे हे पूल स्थानिक रहिवाशांना आवश्यक आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांवरून येणाऱ्या जलद वाहतुकीत सायकलस्वारास व पादचाऱ्यास स्वतंत्र जागा ठेवली नाही, तर या किनाऱ्यावरील सायकलस्वारीचे आकर्षणच नाहीसे होईल. हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत ग्रामीण विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात, आणि अशा मुली व पहाटे सरावास निघालेला प्रौढ सायकलस्वार यांना हवी असलेली रस्त्याची कड एकच असते. डोंगर व खाडी यांनी सायकलला घातलेली मर्यादा रत्नागिरीने सुधारलेल्या सायकलीच्या व सरावाच्या बळावर ओलांडली. वेगवान वाहतुकीने घातलेली मर्यादा मात्र एकट्या सायकलस्वाराच्या तंदुरुस्तीने ओलांडता येणारी नाही, ती रस्त्याच्या आखणीतच दूर करावी लागेल.