मकावची फाईल

१९ डिसेंबर १९९९. आपल्याकडचे मुक्तिदिनाचे कार्यक्रम आटोपले होते. त्याच मध्यरात्री मकावमध्ये पोर्तुगालचा ध्वज उतरला आणि २० तारीख लागताच चीनचा वर चढला. मी तेव्हा कॉलेजात होतो. टीव्हीवर ते पाहताना मनात आलेला प्रश्न साधाच होता. आपण पोर्तुगीजांना १९६१ साली घालवले, मग एवढा बलाढ्य चीन आणखी अडतीस वर्षे का थांबला?

मकाव आपल्याला अगदीच परके नाही. पोर्तुगीजांनी १५५७ च्या सुमारास तिथे बस्तान बसवले आणि १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. ते घेणे चीनला अवघड नव्हते. १९६६ च्या डिसेंबरात तिथे दंगल उसळली आणि पुढच्याच महिन्यात पोर्तुगीज गव्हर्नरला माफीनाम्यावर सही करावी लागली. १९७४ साली लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यावर नवे सरकार तर वसाहती सोडायलाच बसले होते. तरी चीनने घाई केली नाही. मकावला हात लावला असता तर शेजारचे हाँगकाँग हादरले असते, आणि हाँगकाँगमधून मिळणारे परकीय चलन चीनला हवे होते. शेवटी १९८७ साली करार झाला आणि त्यानंतर बारा वर्षांनी ताबा मिळाला.

या थांबण्यावरून चीनने टोमणेही खाल्ले आणि त्यात चक्क गोव्याचे नाव आले. डिसेंबर १९६२ मध्ये, क्यूबाच्या पेचात कच खाल्ली म्हणून चीन ख्रुश्चेव यांना हिणवत होता. त्यांनी भर सभागृहात उलट सुनावले, की मकाव आणि हाँगकाँगमधून येणारा वसाहतवादाचा वास गोव्यातल्या वासापेक्षा काही गोड नाही!

हा टोमणा वर्मी लागला. मार्च १९६३ मध्ये 'पीपल्स डेली'ने उत्तर दिले. हे प्रश्न वेळ आल्यावर वाटाघाटीने सोडवू, असे त्यात होतेच. पण परकीयांनी चीनवर लादलेल्या तहांची यादीही होती. त्या यादीत रशियाच्या झारांनी केलेले १८५८ आणि १८६० चे तह होते. त्या दोन तहांनी चीनचा सुमारे दहा लाख चौरस किलोमीटर मुलूख गेला होता. एकदा यादी बाहेर पडली, की ती पुन्हा कपाटात ठेवणे कठीण. मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या एका छोट्याशा बेटासाठी दोन्ही देशांचे सैनिक एकमेकांवर तुटून पडले. दोघांकडेही अणुबॉम्ब होते. तो सीमावाद पूर्ण मिटायला २००८ साल उजाडले.

माझ्या मते चिनी राष्ट्रवादाची गोम इथेच आहे. अफूच्या युद्धापासून १९४९ पर्यंतच्या काळाला ते 'अपमानाचे शतक' म्हणतात. ते दुःख खोटे नाही. नानजिंगमध्ये १९३७ साली जपान्यांनी केलेली कत्तल कुणी विसरावी असे म्हणणेही चूक. प्रश्न आहे तो यादी कुणाच्या हातात आहे याचा. १९७८ साली टोकियोत देंग शियाओपिंग यांनी सेनकाकू बेटांचा वाद बाजूला ठेवला. पुढची पिढी आपल्यापेक्षा शहाणी असेल, असे ते म्हणाले. आम्ही सरकारी कारकून फाईल दाबून ठेवतो म्हणून लोक शिव्या देतात, पण काही फाईली न उघडण्यातच शहाणपण असते.

पुढची पिढी मात्र वेगळ्या शाळेत शिकली. १९८९ च्या तियानमेननंतर पक्षाला लोकांची निष्ठा टिकवायला नवा आधार हवा होता. १९९४ पासून देशभक्तीच्या शिक्षणाची मोहीमच सुरू झाली आणि अपमानाची यादी मुलामुलांच्या तोंडी बसली. २०१२ मध्ये जपान सरकारने त्यांपैकी तीन बेटे खाजगी मालकाकडून विकत घेतली, तेव्हा चीनमध्ये शहराशहरांत जपानी गाड्या आणि दुकाने फुटली. शिआनमध्ये जपानी गाडी चालवणाऱ्या एका चिनी माणसाचेच डोके फोडले गेले.

आता यादीत सर्वात वर आहे तैवान. ते १८९५ साली जपानने घेतले, १९४५ साली परत आले आणि १९४९ पासून वेगळे नांदते आहे. १९९६ पासून तिथले लोक आपला राष्ट्राध्यक्ष स्वतः निवडतात. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेच्या नॅन्सी पेलोसी तिथे गेल्या, तेव्हा त्यांचे विमान सुखरूप उतरले म्हणून कितीतरी चिनी लोक आपल्याच सरकारवर चिडले. दोन दिवसांत तैवानभोवती क्षेपणास्त्रे पडू लागली.

मला भीती वाटते ती इथे. २००१ साली हैनानजवळ अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर होऊन चिनी वैमानिक मेला. तेव्हा अकरा दिवसांत, एका पत्रावर प्रकरण मिटले. तसाच अपघात उद्या तैवानच्या सामुद्रधुनीत झाला, तर एका पत्रावर मिटेल? वाघावर बसवले पक्षानेच, पण उतरायला आता वाघाची परवानगी लागते. आणि हा वाघ आपल्याही दारात आहे, हे जून २०२० मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले तेव्हा कळलेच.

यादी आपल्याकडेही आहे. साडेचारशे वर्षांची, इन्क्विझिशनपासून साळाझारच्या तुरुंगांपर्यंतची. ती मुलांना जरूर शिकवावी. पण तिच्या शेवटी वसुलीची रक्कम लिहू नये. मकावच्या बाबतीत चीनला हे जमले होते. तैवानच्या बाबतीत जमेल का, यावर अर्ध्या आशियाची शांतता अवलंबून आहे.