श्वासमोजणीचा इतिहास : गडचिरोलीतील बालन्यूमोनिया संशोधन आणि खानदेशाच्या संदर्भात त्याचे महत्त्व

प्रस्तावना :
मुंबई-आग्रा महामार्गावरील सोनगीर हे धुळे जिल्ह्यातील गाव तेथील किल्ल्यामुळे व तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे खानदेशात सर्वपरिचित आहे. येथून धुळे शहर व तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुमारे २० कि.मी. अंतरावर आहे. १ जुलै १९९८ पर्यंत याच जिल्ह्यात समाविष्ट असलेल्या व आज नंदुरबार जिल्ह्यात असणाऱ्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांची स्थिती मात्र निराळी आहे. सातपुड्याच्या डोंगररांगांतून आजारी बालकाला रुग्णालयापर्यंत नेणे पावसाळ्यात अनेकदा दुरापास्त ठरते. न्यूमोनिया झालेले तान्हे मूल एक-दोन दिवसांतही दगावू शकते. त्यामुळे या आजाराच्या इतिहासात औषधाइतकेच महत्त्व ‘रोग कोणी ओळखावा व औषध कोणी द्यावे’ या प्रश्नाला आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचा शास्त्रीय शोध गडचिरोली जिल्ह्यात घेतला गेला. प्रस्तुत लेखात त्या संशोधनाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

उद्दिष्टे :
१. बालन्यूमोनियाविषयीच्या गडचिरोलीतील संशोधनाची पार्श्वभूमी व स्वरूप अभ्यासणे.
२. या संशोधनाचा आरोग्य धोरणाशी असलेला संबंध तपासणे.
३. खानदेशातील दुर्गम भागाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :
सदर लेखासाठी दुय्यम साधनांचा आधार घेतला असून ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१) पार्श्वभूमी :
न्यूमोनियाचे निदान म्हणजे स्टेथोस्कोप, क्ष-किरण तपासणी आणि डॉक्टर, अशी धारणा दीर्घकाळ रूढ होती. या धारणेला पहिला धक्का पंजाबमधील लुधियाना जिल्ह्यातील नारंगवाल येथे बसला. तेथे १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रशिक्षित सहायक आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावातच बालकांच्या न्यूमोनियावर उपचार केले. पुढे पापुआ न्यू गिनीमध्ये फ्रँक शॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये असे दाखवून दिले की, खोकला असलेल्या बालकाच्या श्वासाचा वेग मोजला तरी प्रतिजैविकाची गरज बऱ्याच अंशी ओळखता येते. यातून जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आकारास आले. त्यांनुसार दोन महिन्यांखालील बालकात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद श्वसन होय.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. ‘धाप लागणे’, ‘पोट उडणे’ हे शब्द मराठी मातांच्या बोलण्यात पूर्वीपासून आहेत. म्हणजे हे लक्षण समाजाला ज्ञात होते. उणीव होती ती योग्य उपचाराची. मेळघाटात पोट फुगलेल्या बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याची प्रथा या उणिवेचीच साक्ष देते.

२) गडचिरोलीतील प्रयोग :
२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग या दांपत्याने अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतल्यानंतर १९८६ मध्ये या जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेचे कार्य सुरू केले. संस्थेने १९८८-८९ मध्ये बालन्यूमोनियाविषयी क्षेत्रीय प्रयोग केला. ५८ गावांत लोकशिक्षण करण्यात आले. निमवैद्यकीय कर्मचारी, गावातील आरोग्य कार्यकर्ते व पारंपरिक दाया यांना न्यूमोनिया ओळखण्याचे आणि को-ट्रायमॉक्साझोल हे औषध देण्याचे प्रशिक्षण दिले गेले. ४४ गावे तुलनेसाठी निवडण्यात आली.

१९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के, म्हणजे सुमारे ५ बालके, इतके होते. तुलनेच्या क्षेत्रात ते १३.५ टक्के होते. पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू प्रयोगक्षेत्रात ८.१, तर तुलनाक्षेत्रात १७.५ होते. सर्व कारणांनी होणारे बालमृत्यू अनुक्रमे २८.५ व ४०.७ होते. सर्वाधिक फरक एक वर्षाखालील बालकांत दिसून आला. एक बालक वाचविण्यामागे औषधाचा खर्च अवघा २.६४ डॉलर होता.

३) श्वासमोजणीचे साधन :
अनेक दायांना लिहिता-वाचता येत नव्हते व पन्नासपर्यंत अंक मोजणे त्यांना अवघड होते. यावर उपाय म्हणून एक साधे उपकरण तयार करण्यात आले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व तारेत ओवलेले मणी होते. दर दहा श्वासांनंतर एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वीच लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. ज्ञान दाईच्या हाती देण्यासाठी आधी तिच्या मोजण्याची रीत समजून घेतली गेली, हे या उपकरणाचे खरे वैशिष्ट्य होय.

४) कानाचा संसर्ग :
श्वसनमार्गाचा संसर्ग आणि कानाचा संसर्ग यांचे नाते निकटचे आहे. घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी नलिका बालकांत आखूड व अधिक आडवी असते. त्यामुळे सर्दीनंतर संसर्ग सहज कानात पोहोचतो. न्यूमोकोकस हा जीवाणू फुप्फुस व मध्यकर्ण या दोन्ही ठिकाणी आजार निर्माण करतो. कानाच्या संसर्गाने मृत्यू क्वचितच होतो. परंतु वाहणाऱ्या कानाकडे दुर्लक्ष झाल्यास ऐकू येणे कमी होते आणि त्याचा परिणाम भाषा व शिक्षणावर होतो. बालमृत्यूच्या आकडेवारीत ही हानी दिसत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीच्या एकात्मिक बालआजार व्यवस्थापनाच्या मार्गदर्शिकेत कानाच्या तपासणीचा समावेश करून ही उणीव काही अंशी भरून काढण्यात आली.

५) मर्यादा व उत्तरकाळ :
या प्रयोगात गावांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती. अल्पशिक्षित व्यक्तींच्या हाती प्रतिजैविके देण्याविषयीची शंकाही निराधार म्हणता येत नाही. कारण प्रत्येक जलद श्वसन जीवाणूजन्य नसते. कराची येथील २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ जलद श्वसन असलेल्या बालकांत उपचार अयशस्वी ठरण्याचे प्रमाण औषधाविना ४.९ टक्के व अमॉक्सिसिलिन घेतल्यास २.६ टक्के आढळले. म्हणजे औषधाचा लाभ होता, परंतु तो मर्यादित होता.

तथापि मूळ निष्कर्षाला इतर अभ्यासांनी दुजोरा दिला. सझावल व ब्लॅक यांनी २००३ मध्ये विविध देशांतील अशा प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात पाच वर्षांखालील न्यूमोनिया मृत्यूंत ३६ टक्के घट दिसून आली. भारतात १९९२ पासून बालसंजीवन व सुरक्षित मातृत्व कार्यक्रमात न्यूमोनिया उपचाराचा अंतर्भाव झाला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या ‘सांस’ अभियानात आशा कार्यकर्तीला अमॉक्सिसिलिनची पहिली मात्रा देऊन बालकाला पुढे पाठविण्याची मुभा मिळाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने विकसित केलेली न्यूमोकोकसविरोधी लस डिसेंबर २०२० मध्ये देशात उपलब्ध झाली आणि २०२१ मध्ये न्यूमोकोकस लसीकरणाचा देशभर विस्तार करण्यात आला.

निष्कर्ष :
१. गडचिरोलीतील प्रयोगाने न्यूमोनियाचे निदान व उपचार रुग्णालयाच्या भिंतींबाहेर, बालकाच्या घरापर्यंत नेता येतात हे आकडेवारीनिशी सिद्ध केले.
२. १९९० मध्ये प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तर आशा कार्यकर्तीला औषधाची पहिली मात्रा देण्याची मुभा २०१९ मध्ये मिळाली. ज्ञान व अंमलबजावणी यांतील ही दरी हा महाराष्ट्राच्या आरोग्य इतिहासातील चिंतनीय विषय आहे.
३. लस आली तरी श्वासमोजणीची गरज संपत नाही. कारण न्यूमोनिया अनेक जीवाणू व विषाणूंमुळे होतो.
४. सोनगीरसारख्या महामार्गावरील गावात डॉक्टर वेळेत गाठता येतो. अक्राणीच्या पाड्यावर मात्र बालकाचे श्वास मोजू शकणारी व औषध हाताशी असलेली आशा हीच पहिली डॉक्टर ठरते. तिचे प्रशिक्षण व तिच्याकडील औषधसाठा यांची नियमित पाहणी होणे हीच या संशोधनाची खरी फलश्रुती ठरेल.