नोंद कोणाची घ्यावी?

कोशकाराच्या हातून दोन प्रकारचे अन्याय होण्याचा संभव असतो. अपात्राला जागा मिळते हा एक, आणि पात्र व्यक्ती वगळली जाते हा दुसरा. छापील कोशांच्या काळी दुसऱ्या अन्यायाला कागदाची सबब असे. डॉ. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड झाले. सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी १९३२ ते १९४६ या काळात तीन चरित्रकोश सिद्ध केले. तरी त्यांना कोठेतरी थांबणे भागच होते. १ मे २००३ रोजी आंतरजालावर सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला पानांची टंचाई नाही. मग एखाद्या गावच्या चित्रकाराची नोंद घेताना अडचण कशाची यावी?

अडचण येते ती पुराव्याची. विकिपीडियाचा सर्वसाधारण दंडक असा की, ज्या व्यक्तीविषयी तिच्याशी हितसंबंध नसलेल्या विश्वसनीय लेखकांनी पुरेशा विस्ताराने लिहिले आहे, तिचीच स्वतंत्र नोंद व्हावी. नामांकित संग्रहालयांनी तिच्या कृती कायमच्या जतन केल्या असतील, तर तीही साक्ष मानली जाते. चित्र सरस की नीरस, याचा निवाडा कोश करीत नाही. आम्हां कारकुनांना ही रीत परकी नाही. फायलीत कागद नसेल, तर साऱ्या कचेरीला ठाऊक असलेली गोष्टही आम्हांला टिप्पणीत लिहिता येत नाही.

या दंडकाचे बळ आणि उणीव दोन्ही एका पुणेकराच्या कथेत दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात गंगाराम तांबट नावाचा चित्रकार होता. पेशवे दरबारातील इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट याने त्याच्याकडून वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढवून घेतली; पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंडाही त्याने चितारला. मॅलेटच्या खटपटीने सवाई माधवरावांच्या आश्रयाखाली पुण्यात चित्रशाळा निघाली आणि १७९१ मध्ये मुंबईस आलेल्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचे मार्गदर्शन गंगारामास लाभले. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने केलेला वेरूळचा चित्रसंग्रह १८०३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या दोघांची नावे युरोपात पोहोचली. गंगारामाचे नाव मात्र मॅलेट व वेल्स यांच्या कागदपत्रांच्या आधाराने तगून राहिले. त्याची चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात आहेत.

म्हणजे गंगाराम कोशात बसण्याजोगा ठरतो तो केवळ कलेच्या गुणावर नव्हे. त्याच्या धन्याने कागद जपले म्हणूनही. त्याच शहरात वाड्यांच्या भिंती रंगविणाऱ्या कितीतरी चिताऱ्यांची नावे भिंतींबरोबरच गेली. ते गंगारामाहून उणे होते असे कोणी म्हणावे?

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आम्हां मराठी मंडळींना हा प्रश्न दूरचा वाटू नये. आमच्या वस्त्यांतून नाटकांचे पडदे रंगविणारे, गणपती घडविणारे, शाळेत चित्रकला शिकविता शिकविता स्वतःची चित्रे काढणारे कलावंत झाले. तीन पिढ्या त्यांना ओळखतात. पण ओळख हा पुरावा नव्हे. आमच्याच मंडळाने काढलेला गौरवांक अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो आप्तांनी आप्ताविषयी लिहिलेला असतो. उलट, स्थानिक हिंदी, गुजराती वा तेलुगू वृत्तपत्रात प्रदर्शनाचे जे परीक्षण आले असेल, ते ग्राह्य ठरू शकते. साधन मराठीतच असावे, अथवा आंतरजालावरच असावे, असा मुळीच नियम नाही. ग्रंथालयाच्या कपाटातला जुना अंकही चालतो. त्याचा वार, तारीख आणि पान तेवढे सांगता आले पाहिजे.

म्हणून कोशाचे दार सैल करा, अशी मागणी आम्ही करणार नाही. ते सैल झाले, तर आधी आत्मस्तुती करणारेच आत शिरतील. आमचे काम दाराच्या अलीकडचे आहे. पडदे वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घ्यावीत, चित्रांवर नाव आणि साल लिहून ठेवावे, कात्रणे ग्रंथालयात द्यावीत आणि मंडळाशी संबंध नसलेल्या जाणत्या समीक्षकाला ती चित्रे पाहावयास बोलवावे. त्याने प्रतिकूल लिहिले, तरी ते जपून ठेवावे. नोंद घ्यावी की न घ्यावी, हे ठरविणाऱ्यांपुढे निदान कागद तरी असला पाहिजे.