मानेतला पहारेकरी

परवा नागपूरहून हिंगणघाटकडे येताना जामच्या चौकात चहाला थांबलो. मागच्या सीटवरून आत्या झटकन उतरली आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडीचं दार हाताशी होतं म्हणून पडली नाही. "बीपीच्या गोळीनं होते असं, काही नाही," असं म्हणून तिने चहाचा कप उचललाही. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. दाब कमी करणारी गोळी आणि उभं राहताना येणारी चक्कर यांचा काय संबंध?

संबंध आहे, आणि त्याची एक गोष्ट आमच्या वर्धा जिल्ह्यातून जाते. गांधीजी १९३६ साली सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. त्यांना रक्तदाबाचा त्रास होता. १९ फेब्रुवारी १९४० ची नोंद २२०/११० अशी आहे! तेव्हा आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. विश्रांती, बेताचा आहार, मातीच्या पट्ट्या यांवर त्यांची भिस्त. सर्पगंधाही त्यांनी घेतली होती.

हीच सर्पगंधा पुढे जगभर गेली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये त्यावर लेख लिहिला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं.

आता मूळ मुद्दा. आपल्या मानेतल्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणारे मज्जातंतू असतात. पहारेकरीच म्हणा ना. आपण उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं आणि दाब घसरतो. पहारेकरी लगेच मेंदूला वर्दी देतात, मेंदू हृदयाला पळवतो, रक्तवाहिन्या आवळतो. हे सगळं काही सेकंदांत होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही.

रेसर्पिन हुकूम पोचवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं नॉरअॅड्रेनलिनच रिकामं करतं. दाब उतरतो, नाडी मंदावते. पण वर्दी पोचूनही हुकूम नीट बजावला जात नाही. मग उठताना चक्कर!

हायड्रॅलझीनचं उलटं. ते थेट रक्तवाहिन्या सैल करतं. पहारेकऱ्याला वाटतं दाब फारच पडला, म्हणून तो हृदय धावायला लावतो आणि छातीत धडधड होते. १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांचं प्रोप्रॅनोलॉल आलं. बीटा ब्लॉकर जातीच्या या औषधाने हृदयापर्यंत जाणारा हुकूमच अडवला. नंतरच्या 'प्रिल' आणि 'सार्टन' गोळ्यांनी दाब उतरला तरी नाडी सहसा फारशी वाढत नाही. कमी दाबाची या पहारेकऱ्याला जणू सवय होते.

म्हणजे औषधांचा हा सगळा इतिहास एका अर्थी या पहारेकऱ्याशी जुळवून घेण्याचाच आहे. दाब उतरवणं हे अर्धंच काम. शरीर त्याला काय उत्तर देतं तेही पाहावं लागतं. वय वाढतं तसा तो पहारेकरीही थकतो, हे आपण विसरतो. आपण बीपी बसवून मोजतो, चक्कर येते ती उभं राहताना.

आत्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी उभं करूनही बीपी मोजलं आणि गोळीचं प्रमाण बदललं. तुमच्याही घरी कोणी "काही नाही" म्हणत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. गोळी मात्र मनाने बंद करू नका. आणि उठताना आधी काठावर मिनिटभर बसा.

आत्या आता तसंच करते. कुरकुरत, पण करते.