सह्याद्रीतील अपिवनस्पती आमरी व त्यांचे आश्रयवृक्ष

वृक्षांच्या खोडाफांद्यांवर रुजणाऱ्या, पण त्यांच्याकडून अन्नरस न घेणाऱ्या वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. आमर कुलातील (ऑर्किडेसी) सुमारे 28,000 जातींपैकी बहुसंख्य जाती अशा रीतीने जगतात आणि उष्ण कटिबंधातील पर्वतीय वनांत त्यांची विविधता सर्वाधिक असते. बांडगूळ आपली शोषकांगे आश्रयवृक्षाच्या काष्ठात घुसवून त्यातील पाणी व क्षार ओढून घेते. आमरीची मुळे मात्र सालीला केवळ चिकटून असतात, त्यामुळे तिला परजीवी म्हणता येत नाही.

विषुववृत्तीय मेघवनांत वर्षभर ओलावा असतो. याउलट सह्याद्रीत चार महिने मुसळधार पाऊस आणि उरलेले महिने बहुतांशी कोरडे, असे वर्षाचे दोन भाग पडतात. जमिनीशी संबंध नसलेल्या आमरींची शरीररचना या विषमतेला अनुरूप असते. त्यांच्या हवाई मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण (वेलामेन) असते; ते पावसाचे पाणी व त्यात विरघळलेले क्षार झटपट शोषून घेते. डेंड्रोबियम प्रजातीतील जाती फुगीर खोडांत, म्हणजे आभासी कंदांत, पाणी व अन्न साठवतात. त्यांपैकी डेंड्रोबियम बार्बाट्युलम कोरड्या ऋतूत पाने गाळते आणि निष्पर्ण अवस्थेतच पांढऱ्या फुलांनी बहरते. सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेट्यूजा) व एरिडिस मॅक्युलोजा यांना आभासी कंद नसतात, पण त्यांची पाने जाड व चिवट असतात. अशा जाड पानांच्या अनेक आमरी पर्णरंध्रे रात्री उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात बाष्पोत्सर्जन कमी होते.

आमरींच्या बिया धुळीसारख्या सूक्ष्म असून त्यांत अंकुराचे पोषण करणारा पुष्क नसतो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी 1899 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, बी रुजण्यासाठी विशिष्ट कवकाने तिच्यात शिरून पोषण पुरवावे लागते. त्यामुळे वाऱ्याने लाखो बिया पसरल्या तरी जिथे योग्य कवक, सालीतील ओलावा आणि पुरेसा प्रकाश एकत्र मिळतात तिथेच रोप तगते.

आश्रयवृक्षाचे महत्त्व येथेच स्पष्ट होते. एकाच वृक्षजातीशी बांधलेल्या आमरी थोड्या असल्या, तरी सालीच्या गुणधर्मांनुसार त्यांची पसंती दिसून येते. ऐनाच्या खोल भेगांच्या सालीत, तसेच आंबा, फणस व कुंभा यांच्या खडबडीत सालीवर बिया अडकतात आणि पाणी टिकते. नाण्याची गुळगुळीत साल मात्र पापुद्र्यांनी सुटत असल्याने कोवळी रोपे तिच्याबरोबर गळून पडतात. महाबळेश्वरच्या पठारावर अंजनी, जांभूळ व पिसा या सदाहरित वृक्षांच्या शेवाळलेल्या फांद्या ओबेरोनिया व बल्बोफायलम प्रजातींतील लहान आमरींना आधार देतात. एकाच वृक्षावरही बुंध्याकडे सावली व ओलावा, तर शेंड्याकडे ऊन व वारा अधिक असल्याने निरनिराळ्या जाती निरनिराळ्या उंचीवर वाढतात.

आमरी आणि वृक्ष यांच्या या साहचर्याची नोंद जुनी आहे. मलबारातील वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या 1678 ते 1693 या काळात प्रसिद्ध झालेल्या बारा खंडांच्या ग्रंथात काही आमरींना आश्रयवृक्षांवरून पडलेली स्थानिक नावे दिली आहेत; सिंबिडियम अलोईफोलियमचे तेथील नाव काजऱ्याच्या झाडावरून आले आहे. पूर्वीच्या मुंबई राज्यातील जातींचे सविस्तर वर्णन सांतापाउ व कापडिया यांच्या ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ (1966) या ग्रंथात आढळते.

सर्व आमरी वन्य जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत समाविष्ट आहेत. परंतु आश्रयवृक्षांची हानी केवळ व्यापारबंदीने थांबत नाही. रस्तारुंदीकरणासाठी होणारी वृक्षतोड आणि राब भाजण्यासाठी होणारी फांद्यांची छाटणी यांमुळे आमरींचा आधारच नाहीसा होतो. नव्या लागवडीतील कोवळ्या, गुळगुळीत सालीवर शेवाळ, कवक आणि भेगा तयार होण्यास अनेक दशके लागतात. म्हणून देवरायांतील व जुन्या वनांतील वयोवृद्ध वृक्ष उभे ठेवणे हाच आमरींच्या संरक्षणाचा पाया ठरतो, आणि वनक्षेत्राचे मोजमाप करताना झाडांच्या संख्येइतकेच त्यांच्या वयालाही महत्त्व द्यावे लागते.