हस्ताचा पाऊस आणि हुगळीचे वादळ

हस्त नक्षत्र लागले, की महाराष्ट्रात मुली पाटावर हत्ती काढून हादगा खेळू लागतात. परतीचा पाऊस गडगडत येतो, रब्बीला ओल देतो आणि निरोप घेतो. परंतु पंचांग एक असले, तरी देशभर ऋतू एक नसतो. याच सुमारास बंगालच्या उपसागरावर चक्रीवादळांचा हंगाम सुरू होतो. कलकत्त्यास जाणाऱ्या मराठी प्रवाशाने हे ध्यानी ठेवावे; कारण आपल्या हवामान खात्याच्या जन्माशी या हंगामाचा निकट संबंध आहे.

दिवस होता ५ ऑक्टोबर १८६४. खिदिरपूरची गोदी तेव्हा झाली नव्हती. जहाजे हुगळीच्या पात्रातच नांगरून पडत. उपसागराचे उत्तर टोक निमुळते आणि उथळ आहे. वादळाने तेथे लोटलेल्या पाण्यास नदीमुखातून वर चढण्यावाचून वाट उरली नाही. बंदरातील बहुतेक जहाजे साखळ्या तोडून एकमेकांवर आदळली, काठची गावे वाहून गेली. मृतांची संख्या सुमारे ६० हजार मानली जाते.

या विद्येचा कलकत्त्यास परिचय नव्हता, असे मात्र नाही. ‘सायक्लोन’ हा शब्दच तेथील हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ च्या सुमारास रूढ केला होता. ज्ञान होते, ते वेळेवर बंदरापर्यंत पोहोचविणारी व्यवस्था नव्हती. प्रशासनात काम करणाऱ्यास हा भेद विशेष बोचतो.

१८६५ साली कलकत्ता बंदरासाठी वादळाचे इशारे सुरू झाले. पुढच्याच वर्षी ओरिसात भीषण दुष्काळ पडला आणि पावसाच्या अभ्यासाचीही निकड पटली. १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले. त्याची धुरा हेन्री ब्लॅनफर्ड यांच्याकडे आली. १८६४ च्या वादळाचा अहवाल लिहिणाऱ्यांपैकी ते एक होते. १८९२ साली खिदिरपूरची गोदी खुली झाली आणि जहाजांना नदीच्या प्रवाहाबाहेर, दरवाजांच्या आत आसरा मिळाला. खात्याचे मुख्यालय पुढे शिमल्यास व १९२८ साली पुण्यास आले. ते नंतर दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अद्याप ‘शिमला ऑफिस’च म्हणतात.

२० मे २०२० रोजी ‘अम्फान’ वादळ कलकत्त्यावर आले. वित्तहानी अपार झाली; परंतु इशारा आधी मिळाल्याने लाखो लोक सुरक्षित स्थळी हलविले गेले होते. मृतांची संख्या शंभराच्या आसपास राहिली.

कलकत्त्याच्या प्रवासास डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने सुखाचे. चैत्र-वैशाखात दुपार कलल्यावर वायव्येकडून ‘कालबैशाखी’ची वावटळ उठते, ती तासाभरात ओसरते आणि हवेत गारवा ठेवून जाते. आश्विन-कार्तिकात मात्र हवामानाचे वृत्त ऐकल्यावाचून निघू नये. त्या दोन ओळी ऐकावयास क्षणभर लागतो. त्या आपल्यापर्यंत पोहोचाव्यात, ही व्यवस्था उभी राहण्यासाठी मात्र हुगळीच्या काठी सहस्रावधी जीव गेले आहेत.